लाभ, दोन, तीन

बार्शीत कुणालाही विचारा, "काय, कसं काय?" उत्तर ठरलेलं असतं: "निवांत!" तुरीचा भाव पडलेला असतो, थोरल्याचं लग्न जमता जमत नसतं, डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेलं असतं, आणि माणूस चहा बशीत ओतत म्हणतो, निवांत. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, सुखाच्या बाबतीत या गावाचा देशात पहिला नंबर यायला हवा. आम्हाला ठाऊक असतं की हे उत्तर उभ्याउभ्या विचारणाऱ्यासाठी आहे. जो बसतो, त्याला दुसरं मिळतं.

माझ्या बहिणीची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधासाठी तिला प्रौढांचं मानसिक स्वास्थ्य मोजायचं होतं. आजार, औषधं, दवाखाना यांतलं काही नाही. चारचौघांसारखी कामाला जाणारी, सणवार करणारी माणसं आतून बरी आहेत का आणि किती बरी, एवढंच. कागदांचा गठ्ठा घेऊन ती बार्शीला आली आणि पहिली सापडली ती माझी आत्या. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची. मांडीवर सूप, सुपात मालदांडी ज्वारी, नाकावर घसरलेला चष्मा. खडा दिसला की ती दोन बोटांनी उचलून न बघताच डावीकडे टाकते. तिथे फरशीवर खड्यांची एक छोटी रास असते आणि ती कुणी मोडलेली तिला चालत नाही. किती निघाले हे तिला शेवटी बघायचं असतं.

पहिला कागद जागतिक आरोग्य संघटनेचा. डब्ल्यूएचओ-५ असं त्याचं नाव. १९९८ पासून चालत आलेली पाच वाक्यांची प्रश्नावली, डेन्मार्कचे मानसोपचारतज्ज्ञ पेर बेक यांच्या कामातून घडलेली. मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात जीव रमेल असं काही होतं का. दर वाक्याला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सदासर्वकाळ. बेरीज पंचविसातली, तिला चारने गुणलं की शंभरातला आकडा. तो पन्नासच्या खाली गेला तर पुढची चौकशी करावी, असा सर्वसाधारण संकेत. मला ही प्रश्नावली आवडते, कारण ती दुःखाचं नावही काढत नाही. तिन्हीसांजेला दारात येऊन "तुम्हाला रडू येतं का हो?" असं विचारणाऱ्याला आमच्याकडे पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही. "झोप लागते ना नीट?" म्हणणाऱ्याला चहा मिळतो.

पण सगळे प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत' या शब्दांनी बांधलेले. भाची म्हणाली, "आजी, गेल्या चौदा दिवसांत..." आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. चौदा दिवस ही काय मोजायची गोष्ट आहे? शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, "आत्या, मागच्या एकादशीपासून या एकादशीपर्यंत." झालं. आत्याला सगळं लख्ख आठवायला लागलं. त्या एकादशीला भगर कुणाकडून आली, द्वादशीला भगवंताच्या देवळात केवढी गर्दी होती, मधल्या गुरुवारी धाकट्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा त्याचा आवाज कसा लागला. बार्शीचा देव भगवंत आणि त्याची कथा अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची. पंढरपूरची एकादशी करून वारकरी द्वादशीला बार्शी गाठतात, तो रिवाज जुना आहे. त्यामुळे या गावात पंधरवड्याला आपोआप घडी पडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदावरचे दोन आठवडे आमच्या पक्षात बिनतक्रार बसले.

बसलं नाही ते उत्तर. प्रसन्न होतं का? "बरं होतं की." शांत वाटलं का? "बरंच म्हणायचं." भाचीने दोन्हींना तीन-तीन गुण दिले. शेजारच्या काकूंकडे तीन, समोरच्या किराणावाल्यांकडे तीन, रिक्षावाल्याकडेही तीनच. संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "मावशी, तुमच्या गावात सगळ्यांचं मन एकाच मापाचं आहे का?"

तसं नसतं. आमच्याकडे उणं बोलायचं नाही आणि भरलेलंही बोलायचं नाही. आहे ते कमी सांगितलं तर लक्ष्मी रुसते, जास्त सांगितलं तर दृष्ट लागते. मग राहतो मधला बोळ, त्यातून सगळं गाव ये-जा करतं. लहानपणी मी खळ्यावर ज्वारी मापताना पाहिलेली आहे. मापणारा पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसे. तो म्हणे, "लाभ." मग "दोन", मग "तीन". मोजणी चालू असताना बाकीच्यांनी बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि किती झाली हे मोठ्याने तर अजिबात विचारायचं नाही. ज्या गावात धान्याची मोजणीसुद्धा अशी जपून व्हायची, तिथे सुखाचा आकडा माणूस परक्या पोरीला एका दमात कसा सांगेल? चारचौघांत चांगलं दिसेल असं उत्तर द्यायचा कल मानसशास्त्रज्ञांना पक्का माहीत आहे, तो कसा ओळखावा याच्याही पद्धती आहेत. पण वाईट दिसण्याच्या भीतीइतकीच फार चांगलं दिसण्याचीही भीती असते, हे बार्शीत बसल्यावर कळतं.

चौथ्या प्रश्नाला मात्र आत्या मधला बोळ सोडून बाहेर आली. उठताना ताजंतवानं वाटलं का? "ताजंतवानं? अगं, परवा पाणी रात्री दोनला आलं. हंडे भरा, टाकी भरा, मोटर बंद करा, मग चार वाजता डोळा लागला तर लागला." भाचीने एक गुण लिहिला. मला आधी वाटलं, हा एक गुण आत्याच्या मनाचा नाही, नळाचा आहे. मग वाटलं, वर्षानुवर्षं रात्री दोनला उठणाऱ्या बाईचं मन आणि तिचा नळ वेगळे काढायचे तरी कसे? मन म्हणजे काय माळ्यावर ठेवलेली पितळी समई आहे, की खाली पाणी आलं काय नि गेलं काय!

या मोजमापाचा इतिहास मी नंतर भाचीच्या पुस्तकांतून वाचला. त्यातली पहिली चकित करणारी गोष्ट नॉर्मन ब्रॅडबर्न यांची. अमेरिकेतल्या पाहण्यांवरून १९६९ मध्ये त्यांनी मांडलं की सुखाच्या आणि दुःखाच्या भावना एकाच दांडीची दोन टोकं नाहीत. एक वाढली म्हणून दुसरी घटेलच असं नाही, एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. यासाठी अमेरिकेपर्यंत जावं लागलं याचं मला थोडं हसू आलं, कारण मुलीच्या पाठवणीला उभ्या राहिलेल्या कुठल्याही आईला हे विचारता आलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. आणि आकड्याने सिद्ध झाल्यावरच लोकांनी मानलं.

वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅरोल रिफ यांनी वेगळाच हात घातला. त्यांचं म्हणणं, नुसतं छान वाटणं म्हणजे स्वास्थ्य नव्हे. त्यांनी सहा अंगं सांगितली: स्वतःचा स्वीकार, माणसांशी जिव्हाळ्याचं नातं, स्वतःच्या विचाराने चालणं, भोवतालचा संसार हाताळता येणं, जगण्याला हेतू असणं आणि माणूस म्हणून वाढत राहणं. आत्याचा नळ यातल्या चौथ्या अंगात चपखल बसतो, तिथे माझी तक्रार नाही. माझं भांडण तिसऱ्याशी. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मी माझे निर्णय घेतो, अशा धर्तीच्या विधानाला आत्या हसली. भावाला विचारल्याशिवाय तिने आयुष्यात गॅसची शेगडी बदलली नाही. कागदावर ती परावलंबी ठरते. पण हीच आत्या दर चार-दोन महिन्यांनी कुणाला न सांगता एसटी धरून पंढरपूरला जाते आणि परत आल्यावर विचारलं तर म्हणते, "जरा बाजारात गेले होते." हे स्वातंत्र्य कुठल्या रकान्यात घालायचं?

दिल्लीत बसून काम करणाऱ्यांना ही अडचण दिसली असावी. नागपाल आणि सेल यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयासाठी १९८० च्या दशकात जी प्रश्नावली तयार केली, तिच्या ४० प्रश्नांत आणि ११ घटकांत कुटुंबाचा आधार वेगळा मोजलेला आहे, रोजच्या व्यवहारापलीकडच्या अनुभवांनाही जागा आहे. उत्तरंही तीनच: पुष्कळ, थोडंफार, फारसं नाही. आत्याला ती सोपी गेली. हॅडली कँट्रिल यांची शिडी मात्र अजिबात जमली नाही. शून्य ते दहा पायऱ्या, वरच्या टोकाला तुमच्यासाठी शक्य तितकं चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट. तुम्ही आज कितव्या पायरीवर? जगाच्या आनंदाचा जो अहवाल दर वर्षी पेपरात येतो, त्यातली क्रमवारी या एका प्रश्नावर उभी असते. २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा होता. आत्याने शिडीचं चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढं वर चढून करायचं काय? खालून कुणीतरी धरायला नको?"

या सगळ्यांत माझं मन ज्यात अडकलं तो अभ्यास प्रश्नावलीचा नव्हताच. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक छोटं गाव होतं, एका कापडगिरणीवर जगणारं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही तरुण मंडळी तिथे गेली. १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी लोकांना सुखी आहात का असं विचारत बसण्यापेक्षा वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते पाहिलं. आता सगळ्यांकडे वेळच वेळ होता, तरी पुस्तकं कमी जात होती. घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल पाहिली. पुरुष हळू चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायका भराभर चालत, कारण त्यांची चूल काही बंद पडली नव्हती.

हे वाचताना मला गिरणीचा भोंगा ऐकू आला. बार्शी हे व्यापाऱ्यांचं, आडतीचं गाव म्हणून लोक ओळखतात. पण ते गिरण्यांचंही गाव होतं. भोंग्यावर चहा ठेवला जायचा, भोंग्यावर शाळेचं दप्तर भरलं जायचं. गिरणीतून घरी बसलेले एक काका आमच्या गल्लीत होते. त्यांना कुणी 'कसं काय' विचारलं की तेही निवांतच म्हणत. पण कोपऱ्यावर दूध आणायला गेले की त्यांना यायला तास लागे. वाटेत पाराशी थांबत, सायकलच्या दुकानाशी थांबत, भिंतीवरची जुनी पोस्टरं वाचत. आम्ही पोरं त्यांना हसायचो. मारिएनथालच्या त्या तिघांनी घड्याळ काढून ती थांबणी टिपली असती. मानसिक स्वास्थ्याच्या कुठल्याही आकड्यावर माझा जितका विश्वास आहे, त्यापेक्षा या थांबण्यांवर जास्त आहे, हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "पण मावशी, थांबण्यावरून काकांना काय वाटत होतं ते कळतं का?" ते कळत नाही. त्यासाठी शेवटी विचारावंच लागतं.

आणि विचारण्याच्या बाबतीत बार्शीला कुणाकडून शिकायची गरज नाही. १९८७ मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, डॉ. भगवान नेने, मुंबईचं टाटा स्मारक, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद ही त्यामागची नावं. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. मोजायचा होता कर्करोग, पण कुठल्या कागदावरून? खेड्यात मृत्यूचं कारण डॉक्टर लिहीत नसत, आणि माणूस दवाखान्यात पोचतच नसे, तर दवाखान्याच्या वहीत सापडणार कसा? म्हणून मग कार्यकर्ते गावोगाव जायला लागले. ओट्यावर बसायचं, सरपंचांशी, सुईणीशी, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचं. बरी न होणारी जखम, गाठ, अवेळी रक्त जाणं, अशी लक्षणं सांगायची, कुणात दिसतात का विचारायचं, आणि दिसली तर त्या माणसाला दवाखान्यापर्यंत आणायचं.

यातून आकडे तर मिळालेच. पण जे कुणी मोजायला निघालं नव्हतं तेही घडलं. काही वर्षांत या गावांतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. तपासणीची मोहीम नव्हती, नवं यंत्र नव्हतं. कुणीतरी येऊन बसत होतं आणि विचारत होतं. १९९५ मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. पुढे याच रुग्णालयाच्या मंडळींनी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. ते जास्त गाजलं, गाजायलाच हवं. पण मला जास्त मोलाची वाटते ती आधीची गोष्ट. मोजायला गेलेल्या माणसाच्या नुसत्या बसण्याने मोजली जाणारी गोष्टच बदलली.

मनाच्या बाबतीतही हे होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे तिथे आधी १०० मध्ये चारच्या आसपास होते, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. गावातच वावरणाऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणं सुरू केलं होतं. त्यांच्या हातातही प्रश्नावल्या होत्या. पण पाहणीचा कागद टेबलावर ठेवून 'भरून द्या' म्हणणं वेगळं आणि कागद मांडीवर ठेवून गप्प बसणं वेगळं. पहिल्यातून निवांतांची यादी मिळते.

भाचीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्या गठ्ठ्यात नैराश्याची एक नऊ प्रश्नांची यादी होती, पीएचक्यू-९. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "भगवंता, ने रे बाबा आता" हे दिवसातून चारदा येतं. कंबर धरून उठताना येतं, टीव्हीवरची मालिका लांबली तरी येतं. कागदावर तसंच्या तसं उतरवलं तर अर्ध्या गल्लीला तातडीने दवाखान्यात न्यावं लागेल. आणि सगळंच बोलण्याची सवय म्हणून सोडून दिलं, तर ज्याच्या तोंडी ते खरं असतं तो निसटतो. भाचीने पेन बंद केलं. म्हणाली, "आजी, तुम्ही 'ने रे बाबा' म्हणता, ते खरंच वाटतं म्हणून?"

आत्याचा हात सुपात थांबला. "आता नाही गं. आता सवय झालीय म्हणायची." मग खड्यांची रास बोटाने सारखी करत म्हणाली, "हे गेले ना, त्या वर्षी वाटायचं. विहिरीवर जाऊन उभी राहायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं, आणि ते तिला रोज भेटत. रोज विचारत, "काय आक्का, कसं काय?"

कागदाला गेल्या पंधरवड्यापुरतंच देणंघेणं. नियमाप्रमाणे तिथे शून्य लिहायचं, भाचीने शून्य लिहिलं, आणि समासात बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. मार्गदर्शक नंतर म्हणाले, समासातल्या मजकुराचं विश्लेषण होत नाही. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. शे-दीडशे माणसांची तुलना करायची तर सगळ्यांना तेच प्रश्न, तेच गुण लावावे लागतात. पण आत्याच्या गुणांची शेजारच्या काकूंच्या गुणांशी तुलना करण्यापेक्षा आत्याच्याच पुढच्या पक्षातल्या गुणांशी करावी, असं मला वाटतं. डॉक्टर मंडळीही उपचार लागू पडतोय का हे बघायला डब्ल्यूएचओ-५ ची पाच वाक्यं अशीच वापरतात. एकाच माणसाला, पुन्हा पुन्हा, त्याच्याच आधीच्या आकड्याशेजारी ठेवून.

जाताना भाचीने टेलिमानसचा १४४१६ हा नंबर कालनिर्णयच्या पानावर, गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहिला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मनाच्या मदतीचा हा सरकारी फोन चालू आहे, कुणीही कधीही लावावा. आत्याने तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि तिकडून मराठीत बोलतात का ते विचारलं. बोलतात म्हटल्यावर तिने समोरच्या किराणावाल्याच्या बायकोला तो द्यायचं ठरवलं. तिचं अलीकडे काहीतरी बिनसलंय, असं आत्याचं मत. "पण आधी मी जाऊन बसते जरा तिच्याकडे," म्हणाली. आणि भाचीला बजावलं, "पुन्हा येशील तेव्हा पाण्याचा दिवस टाळून ये. मग सांगते तुला, उठताना ताजंतवानं वाटतं का ते."